रज्जाकमधला नुक्ता, वऱ्हाडेमधला नुक्ता

दहावीचा फॉर्म भरण्याआधी आमच्या शाळेत एक काम असतं. जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाव प्रत्येक मुलीला दाखवायचं. तिने ते वाचायचं आणि बरोबर असेल तर सही करायची. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेज, पासपोर्ट, नोकरी, सगळं त्या एका ओळीवर चालतं, म्हणून मी हे काम घाईत उरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर असंच बसले होते. एक मुलगी आली, तिने नाव वाचलं आणि सही न करता म्हणाली, "टीचर, अब्बांचं नाव चुकलंय. 'रज्जाक' नाही, 'रजाक' हवं."

रजिस्टर चुकलेलं नव्हतं. जन्मदाखल्यावर रज्जाक, रेशनकार्डावर रज्जाक. उर्दूत या नावावर तश्दीद असते, म्हणून मराठीत ज दोनदा येतो. रज्जाक म्हणजे रोजी देणारा. अल्लाहच्या नावांपैकी एक, आणि अब्दुल रज्जाक म्हणजे त्या रोजी देणाऱ्याचा बंदा. 'रजाक' या शब्दाला यातला काहीच अर्थ नाही. मी विचारलं, "तुला हे कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "अभ्यासिकेतला कॉम्प्युटर तेवढंच घेतो, टीचर. रज्जाक लिहिलं की नाव जुळत नाही म्हणतो."

मग मी तिची मराठीची वही पाहिली. कव्हरवर तिने 'रजाक' लिहिलं होतं. महिनाभर मी ती वही तपासत होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ही अभ्यासिका लालबाग-परळच्या मधल्या एका गल्लीत आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी मुलं तिथे संध्याकाळी अभ्यासाला बसतात. चाळीतली मराठी शाळेची मुलं येतात, आमच्या उर्दू शाळेच्या मुलीही येतात. चार-पाच संगणक आहेत, त्यांवर सराव चाचण्या सोडवता येतात. आत शिरायला आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा. नाव मराठीतूनच टाकायचं, हा तिथल्या काकांचा आग्रह. मला तो आवडतो. काका निवृत्त आहेत, पगार घेत नाहीत आणि मुलांवर जीव लावतात. त्यांनी त्या मुलीची अडचण सोडवण्यासाठी काय केलं? आधी म्हणाले, टिंब काढून लिही. तरी होईना. मग यादीत त्यांनी एक नवी ओळ घातली, नुक्ते नसलेली, आणि घाईत एक ज सुटला. नाव 'रजाक' झालं, दार उघडलं. तिने दोन वर्षं सोडवलेल्या चाचण्या मात्र जुन्या नावावरच राहिल्या.

काकांना मी दोष देत नाही. माझा आक्षेप आहे तो त्या सवयीवर, जी काकांनाही लागली आहे आणि आपल्या सगळ्यांनाच. यंत्र आणि माणूस यांच्यात नावावरून वाद झाला की आपण माणसाला वळवतो.

माझा एक जुना विद्यार्थी परळला, पूर्वी गिरणी होती त्या जागेवरच्या एका कार्यालयात, प्रोग्रॅमर आहे. त्याला मी हाक मारली. दोन रविवार तो अभ्यासिकेत येऊन बसला आणि मी शेजारी बसले. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण व्याकरण येतं. तो काय करत होता ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त समजलं, कारण सगळं काम अक्षरांचंच होतं.

लॉगिनची ती स्क्रिप्ट पर्ल नावाच्या भाषेत होती. कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून दिली होती आणि चालते आहे म्हणून कोणी हात लावला नव्हता. पर्ल १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी तयार केली. ते भाषाशास्त्र शिकलेले गृहस्थ, आणि पर्ल ओळखली जाते ती मजकूर कापण्या-जोडण्या-शोधण्यातल्या तिच्या हातोटीसाठी. तिचं नाव ठरत होतं मोती या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून. पण त्याच नावाची दुसरी एक संगणकभाषा आधीच होती, म्हणून स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलं गेलं. हे ऐकून मला हसू आलं. जिच्यामुळे आमच्या मुलीचं अक्षर गळलं, ती भाषा स्वतःच एक अक्षर गाळून आली होती!

आता दोष काय होते ते क्रमाने सांगते.

मुलांची नावं आणि पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये होते. एका ओळीत आधी नाव, मग उभी रेघ, मग पासवर्ड. ओळ जिथे संपते तिथे डोळ्यांना न दिसणारी एक खूण असते. पर्लमध्ये ती काढायला 'चॉम्प' नावाची आज्ञा आहे आणि ती स्क्रिप्टमध्ये होतीसुद्धा. पण मध्यंतरी कोणीतरी ही फाइल विंडोजच्या संगणकावर उघडून जतन केली. विंडोज ओळीच्या शेवटी एक नाही, दोन खुणा ठेवतं. टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा मागे न्यायचा आणि कागद वर सरकवायचा, त्या दोन क्रियांच्या या दोन खुणा. अभ्यासिकेतला मुख्य संगणक लिनक्सवर चालतो. तिथे चॉम्पने एकच खूण काढली, दुसरी पासवर्डला चिकटून राहिली. पडद्यावर दोन्ही पासवर्ड सारखे दिसत, पण यंत्राच्या लेखी एकाला शेपूट होतं. त्यामुळे एके दिवशी कोणालाच आत शिरता येईना.

तेव्हा कोणीतरी मदत म्हणून एक 'दुरुस्ती' केली. पर्लमध्ये दोन शब्द सारखे आहेत का हे पाहायला 'ईक्यू' वापरतात, आणि दोन संख्या सारख्या आहेत का हे पाहायला == ही खूण. त्या भल्या माणसाने ईक्यूच्या जागी == घातलं. सगळी मुलं आत जाऊ लागली आणि सगळे खूश झाले. झालं होतं असं, की पर्लला शब्दाची संख्या करायला सांगितली आणि शब्दाच्या सुरुवातीला अंक नसला, तर ती त्याची किंमत शून्य धरते. एका मुलाचा पासवर्ड 'आंबा' आणि कोणी टाकलं 'फणस', तर शून्य बरोबर शून्य, या आत! ज्यांचे पासवर्ड इंग्रजी अंकांत होते त्यांचं कुलूप नीट चालत होतं, म्हणून घोटाळा लक्षातच आला नाही. देवनागरी अंक मात्र या हिशेबात पर्लला अंक वाटत नाहीत, त्यांचंही शून्यच. स्क्रिप्टच्या डोक्यावर इशारे चालू करणारी एक ओळ असती, तर पर्लने स्वतःच सांगितलं असतं की बाई, तुम्ही शब्दांची बेरीज-वजाबाकी करताय. ती ओळ नव्हती.

थोडक्यात, कित्येक दिवस त्या दारातून कोणीही कोणाच्याही नावाने आत जाऊ शकत होतं. अडली होती ती फक्त काही मुलं, स्वतःच्या खऱ्या नावाने येणारी. आमची ती मुलगी त्यांपैकी एक. आणि दुसरा कोण, तर लालबागचाच एक मुलगा, आडनाव वऱ्हाडे.

इथे मी खुर्ची पुढे ओढली. रज्जाक आणि वऱ्हाडे यांच्यात असं काय सारखं आहे?

माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही नावांचे तुकडे करून दाखवले. आपण एक अक्षर म्हणतो ते संगणकाला अनेक चिन्हांची माळ दिसते. ख ला मात्रा लावली की दोन चिन्हं. पायमोडका ज म्हणजे ज आणि हलन्ताची खूण, अशी दोन. यूटीएफ-आठ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेतं. अभ्यासिकेतल्या उर्दू शाळेच्या मुलींची यादी काही वर्षांपूर्वी मीच टाइप करून दिली होती आणि उर्दूची बाई म्हणून नुक्ते लावून दिली होती: रज़्ज़ाक़. ती जुन्या फॉन्टमध्ये होती, नंतर कोणीतरी तिचं युनिकोड केलं. त्या रूपांतरात नुक्त्याचा ज़ एकसंध चिन्ह म्हणून आला. मुलीच्या नव्या कीबोर्डवर मात्र ज वेगळा उमटत होता आणि नुक्ता वेगळा. युनिकोडमध्ये दोन्ही चालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण यादीतलं नाव ६ चिन्हांचं, १८ बाइटचं होतं, आणि मुलीने टाकलेलं ९ चिन्हांचं, २७ बाइटचं. ईक्यू चिन्हागणिक ताडून पाहतं, त्याला नाव वाचता येत नाही. नुक्ते काढून रज्जाक लिहिलं तरी यादीत नुक्ते होतेच, म्हणून तेही जुळेना.

वऱ्हाडेचंही तेच. ऱ्ह मधला तो आडवा र ही आपल्या मराठीची खास चीज. गोऱ्हे, कऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा. हिंदीवाले तो लिहीत नाहीत. संगणकावर तो दोन प्रकारे मिळतो. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. नव्या पद्धतीत ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. यादीत पहिला प्रकार होता, मुलगा टाकत होता दुसरा. आणि तो ऱ काय आहे? युनिकोडच्या कोष्टकात त्याची फोड दिलेली आहे: र अधिक नुक्ता. ज़ मध्ये आहे तोच नुक्ता, त्याच क्रमांकाचा.

मी वीसेक वर्षं दोन्ही भाषा शिकवते आहे. उर्दूच्या वर्गात पहिल्याच महिन्यात सांगते की टिंब वरचं खाली गेलं तर 'खुदा'चा 'जुदा' होतो. मराठीच्या वर्गात निबंधातले नुक्ते लाल शाईने काढते, कारण मराठीत नुक्ता लिहीत नाहीत. हे मी ठामपणे सांगत आले. आणि नुक्ता कऱ्हाडात बसलेला होता, वऱ्हाडात बसलेला होता, मला दिसला नव्हता.

यात कोणाचा कट वगैरे नाही. युनिकोडचा देवनागरी विभाग आपल्याच देशात ठरलेल्या इस्की या जुन्या संकेतावर आधारलेला आहे, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा द्यायचा, जुन्या फायलीही वाचता आल्या पाहिजेत, अशी ती कसरत होती. त्यात एकाच अक्षराला दोन वाटा राहिल्या. इकडे गिरगाव-काळबादेवीत खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरना हा प्रश्न नव्हता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. अशा छापखान्यात अक्षर कागदावर बरोबर उमटलं की काम झालं. आत खिळा एक आहे की दोन जोडलेत, हे वाचणाऱ्याला कळत नसे आणि कळायचं कारणही नव्हतं. आता छापलेलं अक्षर एकच दिसतं, आणि आतला फरक मात्र माणसाला दाराबाहेर ठेवतो.

उर्दूतही हेच आहे, म्हणून केवळ देवनागरीला नावं ठेवायला नकोत. उर्दूच्या ये, काफ आणि हे या अक्षरांचे क्रमांक वेगळे आणि अरबीचे वेगळे. अरबी कीबोर्डवर 'करीम' लिहिलं आणि उर्दू कीबोर्डवर लिहिलं, तर डोळ्यांना एकच करीम, यंत्राला दोन.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. पर्लसोबतच एक मॉड्यूल येतं, ते दोन रूपांना एका ठरलेल्या रूपात आणतं. गंमत म्हणजे तिथेही ज़ ची फोड होऊन तो ज आणि नुक्ता असा राहतो, आणि ऱ मात्र जोडूनच राहतो. पण दोन्ही बाजूंना एकच नियम लागला की तुलना बरोबर होते. न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या जुन्या र साठी एक ओळ वेगळी लिहावी लागली. फाइल वाचताना 'ही यूटीएफ-आठ आहे' असं पर्लला सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं. त्यामुळे आणखी एक भानगड मिटली. नावाला ६० ची मर्यादा होती. लिहिणाऱ्याच्या मनात ६० इंग्रजी अक्षरं असणार. पण स्क्रिप्ट बाइट मोजत होती, म्हणजे देवनागरीची जेमतेम २० चिन्हं. तीन शब्दांचं साधं नावसुद्धा त्यात मावत नाही. ओळीच्या शेवटच्या दोन्ही खुणा काढल्या. ईक्यू परत आणला. पासवर्ड उघडे लिहून ठेवले होते, ते तसे न ठेवता त्यांचा उलट न फिरवता येणारा ठसा ठेवला.

शेवटी त्याने मला एक प्रश्न विचारला. "टीचर, रज़्ज़ाक़ लिहिलं आणि रज्जाक लिहिलं, दोन्ही एकच मानायचं का?" मी म्हटलं, ओळखताना एकच मान, दाखवताना मात्र मुलीने जसं लिहिलं तसंच दाखव. आणि एकाच नावाच्या दोघी निघाल्या तर यंत्राने स्वतः ठरवू नये, काकांना विचारावं. पासवर्डच्या बाबतीत मात्र एवढीशीही सूट नको.

मला या सगळ्यातून जे म्हणायचंय ते हेच. ओळख सैल असावी आणि कुलूप घट्ट. त्या स्क्रिप्टमध्ये नेमकं उलटं झालं होतं. कुलूप इतकं सैल की कोणीही यावं, आणि ओळख इतकी घट्ट की बापाचं नाव नीट लिहिणारी मुलगी बाहेर. आपल्या बऱ्याच व्यवस्था अशाच चालल्या आहेत असं मला वाटतं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, नावाची कटकटच कशाला, मुलांना नंबर द्या. लॉगिनपुरता नंबर चालेल, माझी हरकत नाही. पण तो नंबर कुठेतरी एका नावाला बांधायचा असतो आणि गाठ तिथेच पडते. विद्यार्थ्यांच्या 'अपार' क्रमांकासाठी शाळेच्या नोंदीतलं नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. जुळलं नाही की पालकांना बोलावणं जातं. मग एखादा अब्बा रोजावर पाणी सोडून रांगेत उभा राहतो, आपल्या नावात ज एक की दोन हे ठरवायला. नावांचे प्रश्न आपल्याकडेच आहेत असंही नाही. जपानमध्ये राहणाऱ्या पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रॅमरने २०१० मध्ये, लोकांच्या नावांबद्दल प्रोग्रॅमर मंडळींचे काय काय गैरसमज असतात त्याची एक यादीच लिहिली होती. त्याचं नाव तिथल्या संगणकांना झेपत नसे. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. निर्णय चांगला आहे, मला मनापासून आवडला. पण ही मुलं शाळेत येतील तेव्हा तीन रकान्यांच्या जुन्या फॉर्मात चौथा शब्द कुठे बसवणार? तेव्हाही आईचंच नाव कापायला सांगू नका म्हणजे झालं.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. मराठीत राहायचं तर मराठीसारखं लिहा, नुक्त्याचा हट्ट कशाला? मला नुक्त्याचा हट्ट नाही. रजिस्टरमध्ये नुक्त्याविना रज्जाक आहे आणि ते मराठीला धरून आहे. मराठीने हा शब्द आपल्या पद्धतीने घेतला, ज दोनदा लिहून त्याचा उच्चार राखला. माझी तक्रार 'रजाक'बद्दल आहे. ते मराठी नाही, उर्दूही नाही. ते फक्त यंत्राच्या सोयीचं आहे. आणि वऱ्हाडेला कोणी म्हणणार आहे का, की मराठीत राहायचं तर ऱ्ह सोड?

म्हणून सांगते. पालकांनो, मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव कसं आहे ते आजच पाहा आणि मुलाला ते लिहायला शिकवा. शिक्षकांनो, वहीच्या कव्हरवरचं नावही तपासा, मी तिथेच चुकले. आणि आपल्यातली जी मुलं परळ-दादरच्या कार्यालयांत बसून कोड लिहितात, त्यांनी आपला प्रोग्रॅम एकदा स्वतःच्या आजीच्या पूर्ण नावाने, मराठीत आणि उर्दूत, चालवून पाहावा.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी काकांनी 'रजाक'ची ओळ यादीतून स्वतःच काढली. मुलीने पूर्ण नाव टाकलं. तिच्या दोन वर्षांच्या चाचण्या पडद्यावर आल्या आणि ती लगेच भूमितीची अर्धी राहिलेली चाचणी सोडवायला बसली. शेजारच्या खुर्चीवर वऱ्हाडे होता, त्याचंही दार उघडलं होतं. सोमवारी तिने रजिस्टरवर सही केली. वहीचं कव्हर मात्र तिने बदललं नाही. एक ज वर बारीक अक्षरात मध्ये घुसवला आणि वही माझ्याकडे दिली. मी त्यावर लाल शाई वापरली नाही.